धावत्या पाण्यात गरी तळाला का टेकत नाही?

सुर्ला (डिचोली) : मांडवीच्या काठावर गरवायला बसणाऱ्यांची नेहमीची तक्रार एकच. पाणी धावायला लागलं की शिसं बांधूनही गरी तळाला जात नाही. मग आणखी शिसं बांधलं जातं. त्याने काम अर्धंच होतं.

समुद्राची भरती नदीतून इथवर येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, अष्टमीच्या भांगाला कमी. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. हा रेटा शिशापेक्षा पाण्यातल्या लांब दोरीवर जास्त बसतो. दोरीला झोळ पडतो आणि झोळ गरीला वर उचलतो. म्हणून शिसं वाढवण्याआधी दोरी बारीक करा. जाडी निम्मी झाली तर रेटाही साधारण निम्मा.

दुसरी गोष्ट, टाकायची जागा. समजा पाणी 4 मीटर खोल आहे आणि गरी सेकंदाला 20 सेंटिमीटर बुडते. म्हणजे तळ गाठायला 20 सेकंद. ओढ सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर तेवढ्यात गरी 10 मीटर वाहून जाते. तेव्हा पाणी जिकडून येतं तिकडे 10 मीटर आधी टाका. बुडेपर्यंत दोरी सैल सोडा, टेकली की झोळ ओढून घ्या. नाहीतर मासा लागला तरी हाताला कळणार नाही.

परदेशात फ्लाय फिशिंगवाले बुडती दोरी वापरतात. तिच्या आवरणात टंगस्टनची भुकटी असते, त्यामुळे शिशाशिवाय दोरीच बुडते. हिशेब मात्र हाच.

भरती-ओहोटी बदलताना पाणी थोडा वेळ थांबतं. खोल पाण्यात गरवायची वेळ तीच. ती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. नदीत आत ती किनाऱ्यापेक्षा उशिरा येते, म्हणून पणजीच्या वेळा इथे जशाच्या तशा धरू नका.

आता जिवाचं. दोरी हाताला गुंडाळू नका. गरी खडकात अडकली आणि होडी वाहू लागली, तर बारीक दोरी बोट कापते. सैल दोरी पायाशी पडू देऊ नका, सुरी हाताशी ठेवा. नांगर होडीच्या नाळेला बांधा. मागच्या बाजूला बांधला तर ओढीने पाणी आत शिरून होडी बुडू शकते. अडकलेली दोरी सुटत नसेल तर सरळ कापा. मांडवी असो, शापोरा असो की तेरेखोल, शिसं आणि गरी बाजारात पुन्हा मिळते.