भग्न खांबांचा देखावा

ह्युबेर रोबेर (1733–1808) या फ्रेंच चित्रकाराला पॅरिसमध्ये लोक ‘भग्नावशेषांचा रोबेर’ म्हणत. अकरा वर्षं रोममध्ये काढून तो परतला आणि पडक्या कमानी, त्यावर चढलेल्या वेली, मागे धूसर निळं आभाळ हीच त्याची ओळख झाली. रोकोको काळातल्या धनिकांच्या दिवाणखान्यात ही चित्रं शोभून दिसत. वास्तू का पडली, कोणी पाडली, याची टोचणी त्यांत नसते. जागेचं बंधनही नाही: 1766 साली पॅरिसच्या कला अकादमीत प्रवेशासाठी दिलेल्या चित्रात त्याने रोमचं पँथिऑन उचलून थेट नदीघाटावर ठेवलं. 1796 मध्ये तर धडधाकट उभ्या लूव्रचं छप्पर कोसळलेलं रंगवलं.

त्याच्या चित्रांतली एक गोष्ट मात्र मला फार खरी वाटते. भव्य खांबांच्या पायथ्याशी बायका धुणं धूत असतात, कपडे वाळत घालतात. पडक्या वास्तूत संसार चालूच राहतो, हे त्याने पाहिलं होतं.

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातलं चारठाणा गाव बघणाऱ्याला हे पटेल. इथे एकेकाळी 360 देवळं होती, असं गावात सांगतात. आकडा बाजूला ठेवला तरी गोकुळेश्वराचं मंदिर, उंच कोरीव स्तंभ, बारव आणि गावभर विखुरलेली शिल्पं डोळ्यांसमोर आहेत. यातलं काहीच हलवून सजवावं लागत नाही.

या अवशेषांना रोबेर नको, गंगाराम तांबट हवा. 1790च्या दशकात पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या पदरी असलेल्या या मराठी कलावंताने वेरूळ-कार्ल्याची लेणी कागदावर उतरवली. त्याला शिकवणारा ब्रिटिश चित्रकार जेम्स वेल्स 1795 मध्ये वारला. वेल्सच्या रेखाटनांवरून चित्रकार टॉमस डॅनियलने 1803 मध्ये वेरूळच्या चित्रांचा देखणा संग्रह काढला, तो युरोपात गाजला. गंगारामची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि मराठी वाचकाला त्याचं नावही नीट ठाऊक नाही. हे मला सलतं. खांबावरची नक्षी, दालनांची मांडणी त्याने लक्षपूर्वक नोंदवली. वास्तू ओळखू येईल असं चित्र काढलं.

याच जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव तर देखाव्याच्या चौकटीत मावतच नाही. पुढे झाड, मध्ये पडकी कमान, मागे डोंगर ही ठरलेली मांडणी तिथे लागू पडत नाही, कारण सगळी वास्तू जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या वळत वळत पाण्याकडे उतरतात. काठावरून काढलेल्या चित्रात नुसता खड्डा दिसेल. खाली उतरून वर पाहिलं तरच वळण कळतं. गाळ-झुडपांनी बुजलेली ही बारव गावकऱ्यांनी राबून मोकळी केली, म्हणून आज ते वळण दिसतं तरी. चारठाण्यातल्या एकेका दगडाचंही गंगारामसारखं जागेवर बसून, माप घेऊन रेखाटन व्हायला हवं, आणि ते मराठवाड्यातल्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी करावं.