दोन पेग आणि अ‍ॅस्पर्जर

अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम हे निदान आता वेगळं दिलं जात नाही. मनोविकारांच्या निदानासाठीच्या २०१३च्या अमेरिकी नियमावलीने ते ऑटिझममध्येच सामावून घेतलं. नियम काटेकोर पाळणारी, गर्दी टाळणारी अ‍ॅस्पर्जर असलेली माणसं दारूच्या वाटेला जात नाहीत, असा समज होता. काही जण खरंच जात नाहीत; चव, वास, ताबा सुटणं, सगळंच त्यांना नकोसं वाटतं. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या स्वीडिश अभ्यासात ऑटिझम असलेल्यांना व्यसनाशी निगडित त्रासाचा धोका साधारण दुप्पट दिसला. सोबत एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) असेल तर त्याहून जास्त.

असं का? ऑफिसची पार्टी डोळ्यांसमोर आणा. समोरच्याकडे किती वेळ बघायचं, विनोद संपला का, आपण कधी बोलायचं, हे बाकीच्यांना आपसूक जमतं. यांना मनातल्या मनात हिशेब मांडावा लागतो, वर स्पीकरचा दणदणाट. दोन पेग पोटात गेले की हिशेब थांबतो. म्हणजे पिणं मजेसाठी नसतं, चारचौघांसारखं दिसण्यासाठी असतं. शिवाय ठरलेल्या दिनक्रमाची ओढ असतेच. रोज सातचा पेला त्यात एकदा बसला की हलत नाही.

ब्रिटनच्या मॅथ्यू टिन्स्ली यांना अ‍ॅस्पर्जरचं निदान झालं ते दारू सुटल्यावर. सारा हेंड्रिक्स यांच्यासह त्यांनी २००८ साली यावर पुस्तक लिहिलं.

व्यसनमुक्ती केंद्रांचा भर असतो गटात बसून मन मोकळं करण्यावर. नेमकं तेच ऑटिझम असलेल्यांना सर्वांत अवघड! वैयक्तिक समुपदेशन, स्पष्ट शब्द आणि लेखी वेळापत्रक मागून घ्यायला संकोच करू नये.