दोष ग्रहणाचा नव्हे!

एखाद्या घरी व्यंग असलेले मूल जन्मास आले की आनंदाच्या जागी प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. गरोदरपणी ग्रहणात विळी-सुरी हाती धरली होती काय? कोणाची दृष्ट लागली काय? या प्रश्नांचा रोख बहुधा त्या मातेकडेच असतो. शरीराच्या खालच्या भागातील काही दुर्मीळ व्यंगांचा भ्रूणशास्त्राने केलेला उलगडा पाहिला, म्हणजे हा रोख किती अन्यायाचा आहे ते ध्यानी येते.

गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात चकतीसारख्या दिसणाऱ्या भ्रूणावर एक बारीक रेघ उमटते. तिला आदिरेषा म्हणतात. या रेषेतून पेशी आत शिरतात, त्यांचे तीन थर होतात आणि या थरांतूनच शरीराची सर्व इंद्रिये घडतात. पुढे ही रेषा आक्रसत जाते व भ्रूणाच्या खालच्या टोकाशी पेशींचा एक पुंजका उरतो. मेरुरज्जूचे शेवटचे टोक, त्रिकास्थी आणि माकडहाड या पुंजक्यातून घडतात. त्याच परिसरात गुदद्वार, मूत्रमार्ग व जननेंद्रिये आकार घेतात आणि चौथ्या आठवड्याच्या अखेरीस पायांचे दोन कोंभ फुटतात. एवढी कामे एकाच जागी चालत असल्याने तेथे अडथळा आला, तर अनेक अवयवांत एकदमच व्यंग राहते.

‘सायरेनोमेलिया’ हे त्याचे सर्वांत तीव्र उदाहरण. यात दोन्ही पाय एकमेकांस जुळलेले असतात. सुमारे ६० हजार ते १ लाख जन्मांत एखादे असे मूल आढळते. पायांच्या कोंभांना परस्परांपासून दूर ठेवणारा मधला भाग नीट न वाढल्याने ते एकत्र येतात, असे एक मत आहे. दुसरे मत रक्तपुरवठ्याचे. नाळेत सामान्यतः दोन धमन्या असतात. येथे बहुधा पोटातून निघालेली एकच मोठी धमनी दिसते. ती रक्त नाळेकडे वळविते आणि शरीराचा खालचा भाग उपाशी राहतो. बहुतेक वेळा मूत्रपिंडेही तयार झालेली नसतात. त्यामुळे गर्भजल कमी पडते, फुप्फुसांची वाढ खुंटते आणि अशी बालके क्वचितच जगतात.

‘कॉडल रिग्रेशन’ या दुसऱ्या व्यंगात त्रिकास्थी व कण्याचा खालचा भाग अपुरा राहतो. पाय दुबळे असतात, मलमूत्रावर ताबा राहत नाही. परंतु बुद्धी सहसा शाबूत असते. शस्त्रक्रिया, व्यायामोपचार आणि मूत्रपिंडांची नियमित देखभाल यांच्या आधारे अशी अनेक मुले शिकून मोठी होतात. फ्रेंच शल्यविशारद डुहामेल यांनी १९६१ साली ही दोन्ही व्यंगे एकाच मालिकेत बसविली होती. आज अनेक संशोधक ती निरनिराळी मानतात.

कॉडल रिग्रेशनचा मातेच्या मधुमेहाशी निकटचा संबंध आढळला आहे. गर्भधारणेपूर्वीपासून मधुमेह असलेल्या स्त्रियांच्या बालकांत हे व्यंग इतरांहून कितीतरी अधिक दिसते. सर्वच वेळा मात्र कारण सापडत नाही.

येथे काळाचा हिशेब महत्त्वाचा आहे. पाळी चुकते तेव्हा तिसरा आठवडा नुकताच सुरू झालेला असतो. दिवस गेल्याची खात्री होऊन पहिली तपासणी होईपर्यंत हा नाजूक काळ बहुधा सरलेला असतो. म्हणून मधुमेही स्त्रीने मूल होऊ देण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेऊन रक्तातील साखर आटोक्यात आणावी. मेंदू व मज्जारज्जूच्या व्यंगांना आळा घालणारे फॉलिक आम्लही गर्भधारणेपूर्वीच सुरू करावयाचे असते. पुढे सोनोग्राफीत गर्भजल कमी दिसल्यास तज्ज्ञांकडे जाण्यास विलंब लावू नये.

ग्रहणाच्या सावलीने भ्रूणाची घडण बदलत नाही. व्यंग असलेल्या बालकाच्या मातेला या वेळी उपचारांची माहिती आणि घरच्यांचा आधार हवा असतो. तिला बोल लावणाऱ्या घराने प्रथम एवढे जरी जाणले, तरी तिचे अर्धे दुःख हलके होईल.