अठ्ठावीस थ्रेडचा मोह

आमची धाकटी बहीण महानगरपालिकेत सफाई कामगार आहे. पहाटेची हजेरी, दुपारी घरी आल्यावर दोन घरची धुणीभांडी, असे तिचे वीस वर्षे चालले आहे. २०२५ च्या वर्षावासात तिचा भिशीचा नंबर लागला. शेजारणी म्हणाल्या, गळ्यात काहीतरी कर. तिने गळ्यात काही केले नाही. मुलाला संगणक घ्यायचे ठरवले. भाचा बारावी झालेला, दिवसा गोदामात पॅकिंग करतो आणि रात्री व्हिडिओ एडिटिंग शिकतो. भीमजयंतीची वस्तीतली मिरवणूक त्याने मोबाईलवर कापून-जोडून अशी दाखवली होती की म्हाताऱ्या माणसांनीही ती दोन-दोनदा बघितली. बहीण आम्हाला म्हणाली, "दादा, तू ऑफिसात संगणकावर बसतोस. तूच बघून घे."

आम्ही बघून घेतले, आणि चूक तिथेच झाली. ती इथे लिहितो आहोत, कारण याच वळणावर उभी असलेली आणखी तीन घरे आम्हाला आमच्याच वस्तीत ठाऊक आहेत.

दुकानदाराने आमच्यासमोर दोन संच ठेवले. एक नवा, इंटेलच्या कोअर आय५-१२४०० प्रोसेसरचा. यात सहा कोअर आणि बारा थ्रेड. दुसरा जुन्या बाजारातून आलेला, झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसरचा. त्यात चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड आणि वर चौसष्ट जीबी मेमरी. किंमत दुसऱ्याचीच थोडी कमी. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा सर्व्हरचा प्रोसेसर आहे. बँकांत, मोठ्या कंपन्यांत हाच चालतो. पोराला दहा वर्षे बघायला नको."

खरे सांगायचे तर 'बँकांत हाच चालतो' या शब्दांनी आमचा निकाल लावला. मोठ्यांच्या घरची वस्तू आपल्यासाठी नाही, असे पिढ्यान् पिढ्या ऐकलेल्या माणसाला कुणी ती वस्तू समोर धरून 'घेऊन जा' म्हटले, की हात आपोआप खिशाकडे जातो. भाचा हळू आवाजात म्हणाला होता, "मामा, गेमसाठी आय५ बरा म्हणतात." आम्ही त्याला गप्प केले. गेम हा शब्द ऐकूनच आमचे डोके फिरले होते.

घरी आणून संच लावला तर पडद्यावर काहीच उमटेना. दोन तास वायरी काढल्या, घातल्या. मग कळले की या झिऑनच्या पोटात चित्र दाखवणारा भागच नाही. सर्व्हर हे यंत्र कपाटात बंद असते, दुसरी यंत्रे त्याच्याशी तारेवरून बोलतात. त्याला पडदा कशाला हवा? दुकानात दाखवताना त्यांनी स्वतःचे ग्राफिक्स कार्ड लावले होते आणि संच देताना काढून घेतले होते. आय५-१२४०० मध्ये चित्रापुरती सोय आतच असते. (त्याच नावापुढे 'एफ' अक्षर असेल तर मात्र ती नसते. खोक्यावरचे एवढे एक अक्षर जरूर वाचावे.) म्हणजे जुन्या कार्डाचा खर्च वाढला, आणि वाचवलेले पैसे पहिल्याच आठवड्यात गेले.

कार्ड लावल्यावर संगणक चालू झाला, पण भाच्याचे तोंड उतरलेलेच. गेम अडखळत चालायचा. ते आम्ही मनावर घेतले नाही. पण एडिटिंग करतानाही मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पुढे-मागे सरकवला की चित्र गोठायचे. अठ्ठावीस थ्रेडचे यंत्र आणि त्याला एक मिरवणूक झेपेना! तेव्हा आम्ही हट्ट सोडून शिकायला बसलो. दोन महिने भाच्याबरोबर वाचून, विचारून जे कळले ते असे.

कोअर म्हणजे काम करणारा हात. थ्रेड म्हणजे त्या हातापुढे लावलेली कामाची रांग. एका कोअरला दोन रांगा दिल्या तर एका रांगेत सामान यायला उशीर झाला की तो दुसरीतले काम उचलतो. म्हणून चौदा कोअरचे अठ्ठावीस थ्रेड होतात. हात मात्र चौदाच. दुकानदार अठ्ठावीस म्हणतो तेव्हा तो रांगा मोजतो.

आता आपल्या जयंतीचे जेवण आठवा. पाचशे माणसांचा स्वयंपाक असेल तर चौदा बायका बसल्या की कुणी कांदा चिरते, कुणी पीठ मळते, कुणी पुऱ्या लाटते, आणि काम झपाट्याने उरकते. पण घरी एका तव्यावर एक पोळी भाजायची असेल तर चौदा जणी उभ्या राहून काय करणार? तिथे एकच हात लागतो, आणि तो हात चपळ हवा. गेम हे बरेचसे तव्यावरच्या पोळीसारखे आहे. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात खेळाडू कुठे आहे, गोळी कुठे लागली, भिंत पडली की नाही, हे एकामागून एक ठरवावे लागते. आधीचे ठरल्याशिवाय पुढचे ठरत नाही. काही कामे वाटून देता येतात, पण मुख्य रांग एकच राहते. ती ओढणारा कोअर जितका चपळ तितका खेळ सुरळीत.

आमच्या झिऑनचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि जास्तीत जास्त ३.३. तोही सगळे कोअर एकदम कामाला लागले की खाली येतो. आय५-१२४०० चा जास्तीत जास्त वेग ४.४. शिवाय झिऑन २०१६ चा आणि आय५ २०२२ चा. मधल्या सहा वर्षांत कोअरची घडणच बदलली, आणि नवा कोअर एका ठोक्यात जुन्यापेक्षा जास्त काम उरकतो. व्हिडिओ गोठण्याचे कारण आणखी वेगळे होते. आय५ च्या आतल्या चित्रभागात मोबाईलचा दाबून बांधलेला व्हिडिओ उलगडायला खास जागा असते, तिला क्विक सिंक म्हणतात. झिऑन ई५ मध्ये ती नाही. आम्ही घेतलेल्या जुन्या कार्डालाही भाच्याच्या फोनचा नव्या पद्धतीचा व्हिडिओ उलगडता येत नव्हता. त्यामुळे सगळे ओझे कोअरवर.

मग सर्व्हरचा प्रोसेसर वाईट का? अजिबात नाही. झिऑन हे नाव इंटेलने १९९८ साली पेंटियम टू झिऑनपासून वापरायला सुरुवात केली. एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि २०१७ मध्ये एपिक आणला, आणि २०२४ मध्ये एपिक एका प्रोसेसरात १९२ कोअरपर्यंत पोचला. हे प्रोसेसर घडवले जातात ते शेकडो माणसांची कामे एकदम आणि रात्रंदिवस करण्यासाठी. एकाचे काम थोडे हळू झाले तरी चालेल, पण कुणाचेच अडता कामा नये, हा त्यांचा हिशोब. त्यांच्या मेमरीत ईसीसी नावाची सोय असते. मेमरीत एखाद्या शून्याचा चुकून एक झाला तर ती ओळखून दुरुस्त करते, आणि एकदम दोन चुकले तर निदान ओरडून सांगते. पगाराच्या यादीत असा एक आकडा फिरला तर काय होईल, हे कामगाराला समजावून सांगायला नको.

पण हीच मेमरी फसवतेही. सर्व्हरमधून निघालेल्या मेमरीच्या पट्ट्या बहुतेक 'रजिस्टर्ड' जातीच्या असतात आणि घरगुती मदरबोर्डात चालत नाहीत. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, तेव्हापासून अशा स्वस्त पट्ट्यांवर पुष्कळांची नजर आहे. आधी आपला बोर्ड ती घेतो का ते पाहावे. जुन्या झिऑनबरोबर येणाऱ्या स्वस्त चिनी बोर्डांवर 'एक्स९९' असे ठळक छापलेले असते, पण काहींवर प्रत्यक्षात जुन्या साध्या डेस्कटॉपमधली चिप बसवलेली असते. मोठ्या कंपन्या डेटा सेंटरमधली यंत्रे बदलतात तेव्हा जुने प्रोसेसर बाजारात येतात. प्रोसेसर सहसा लवकर मरत नाही. मरतो तो बोर्ड, आणि त्याची हमी कुणी देत नाही. नव्या, खोकाबंद इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर तीन वर्षांची वॉरंटी मिळते. 'ट्रे' म्हणून सुटा मिळणारा प्रोसेसर स्वस्त दिसतो, पण कंपनीची ही वॉरंटी त्याला बहुधा नसते.

आमच्या संचाला आणखी एक खोट होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. (ज्या तारखेला १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तीच तारीख. त्यामुळे ती आम्ही विसरणे शक्य नाही.) विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत २०१६ चा हा झिऑन नाही. युक्तीने ते बसवतात, पण भाच्याचा आवडता व्हॅलोरंट हा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय मागतो. ती नसेल तर खेळ उघडतच नाही.

विजेचे सांगायचे राहिले. एखादे यंत्र दुसऱ्यापेक्षा शंभर वॅट जास्त ओढत असेल तर दहा तासांत एक युनिट जास्त जळते. रोज दहा तास चालले तर महिन्याला तीस युनिट. बहिणीने बिल हातात घेऊन आमच्याकडे एकदाच पाहिले, बोलली काही नाही.

उलट बाजूचाही मोह आहे, तोही सांगतो. गेमिंग म्हणून विकले जाणारे सगळेच आपल्या घरासाठी नसते. इंटेलचा आय९-१४९००के ६ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, पण त्यासाठी २५३ वॅटपर्यंत वीज ओढतो, आणि त्याला थंड ठेवण्याची व्यवस्था वेगळी. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरच्या दर्जाचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे बिघडत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीला आतल्या आज्ञावलीची दुरुस्ती काढावी लागली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. अशा पिढीतला जुना प्रोसेसर कुणी स्वस्तात देत असेल तर पूर्वी तो कसा वापरला गेला हे कळायला मार्ग नसतो. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी २०२२ मध्ये आला, तो गेमसाठी नावाजला गेला. त्यात प्रोसेसराजवळचा साठा, म्हणजे कॅश, ९६ एमबी आहे. साध्या ५८००एक्स मध्ये तो ३२ एमबी. लागणारे सामान हाताशी असले की खेळ पळतो. पण तेवढे पैसे प्रोसेसरात घालून त्याला साजेसे ग्राफिक्स कार्ड घ्यायला काही उरले नाही तर उपयोग शून्य. जो पोरगा शिकतो आहे, थोडा खेळतो आहे, त्याला सहा कोअरचा आय५ किंवा आतच बऱ्यापैकी चित्रभाग असलेला रायझन ५ ५६००जी पुष्कळ झाला. हे आमचे मत. पैसा असणाऱ्याने वेगळे ठरवावे.

त्या झिऑनचे काय करायचे, हा प्रश्न विहाराच्या बैठकीत अचानक सुटला. आमच्या विहारात अभ्यासिका आहे. पोलीस भरतीची, एमपीएससीची मुले-मुली संध्याकाळी येतात. देणगीत आलेले सात जुने संगणक कोपऱ्यात पडून होते, प्रत्येकात मेमरी इतकी कमी की एक पान उघडायला चहा पिऊन यावे. भाच्यानेच सुचवले, की झिऑनवर लिनक्स बसवू आणि त्या सात यंत्रांचा फक्त पडदा आणि कळफलक वापरू. काम सगळे झिऑन करील. आठजण एकदम बसले म्हणजे चौदा हात आणि चौसष्ट जीबी मेमरी, दोन्ही कामाला येतात. जयंतीचा स्वयंपाक तो हाच.

समितीत वाद झाला. खजिनदार मावशी म्हणाल्या, "तुमच्या घरात न चाललेली वस्तू विहाराच्या गळ्यात का मारता?" प्रश्न रास्त होता. शेवटी समितीने बाजारात जुन्या संचाची जी किंमत होती तेवढीच दिली. बहिणीने दिलेली रक्कम आणि ही रक्कम यांतला फरक आम्ही भरला. सल्ला आमचा होता. वेळही ठरली, संध्याकाळी पाच ते दहा, बिल अभ्यासिकेच्या वर्गणीतून. लिनक्स फुकट आहे, त्यामुळे विंडोजची अडचण उरली नाही. किविक्स नावाच्या सोयीने मराठी विकिपीडिया त्यात उतरवून ठेवला आहे. इंटरनेट गेले तरी मुले तो वाचतात. आपल्या भागातल्या जुन्या शाहिरांच्या आवाजाच्या कॅसेटी भाचा आता त्यावर चढवतो आहे.

अडचण एकच आहे. त्या यंत्राचा पंखा घरघरतो, आणि वंदना सुरू झाली की कुणीतरी उठून ते बंद करते. मग चालू करायचे लक्षात राहात नाही आणि मुले ताटकळत बसतात. आता आम्ही बटणावर चिठ्ठी चिकटवली आहे. पंखा बदलायचा विषय पुढच्या बैठकीत आहे.

भाच्याकडे आय५ आला. या वर्षीच्या जयंतीची फीत त्याने दोन रात्रींत पुरी केली आणि लग्नाच्या एका कामाचे पहिले पैसे आईच्या हातावर ठेवले. खेळतोही, आम्ही आता बोलत नाही.

ज्या बंधू-भगिनींना मुलांसाठी संगणक घ्यायचा आहे, त्यांनी पैसे देण्याआधी प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह, आणि बोर्डाचे नाव कागदावर लिहून आणावे. रविवारी वंदनेनंतर आम्ही आणि भाचा अभ्यासिकेत असतो.