ब्रेक मोठा नको, बरोबर हवा!

ताडकळसच्या पोरांना ट्रॅक्टरचे दोन ब्रेक काही नवीन नाहीत. शेतात वळताना एकाच बाजूचं पेडल दाबलं की ट्रॅक्टर कमी जागेत फिरतो. डांबरी रस्त्यावर आल्यावर मात्र दोन्ही पेडलं खिट्टीने जोडायची. तेवढ्यानेही भागत नाही. डावा ब्रेक जास्त आणि उजवा कमी लागत असेल, तर जोरात ब्रेक मारताच ट्रॅक्टर डावीकडे ओढतो. मागे उसाची ट्रॉली असली, तर पुढचं सांगायलाच नको.

जुन्या स्पोर्ट्स कारचंही असंच असतं. आपल्या शेजारी गोव्यात सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन सीटची कार बनवली होती. फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन. अशी एखादी जुनी गाडी हाती लागली, की हौशी माणूस तिला दुसऱ्या गाडीची मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर बसवायला निघतो. ब्रेक मोठा म्हणजे गाडी लवकर थांबणार, असा त्याचा हिशेब. पण गाडीला शेवटी थांबवतो तो टायर. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून ताशी 60 किमीची गाडी साधारण 20 मीटरमध्ये थांबते. वेग 80 झाला की 36 मीटर लागतात. जुना ब्रेकही चाक जाम करू शकत असेल, तर नुसत्या मोठ्या कॅलिपरने हे अंतर घटत नाही. मोठ्या डिस्कचा खरा फायदा वेगळा आहे. पुन्हा पुन्हा ब्रेक मारल्यावर ती तापते कमी आणि ब्रेक ढिला पडत नाही.

पुढे जास्त, मागे कमी

ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो. गाडीचा भारही तसाच पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी मागचं चाक आधी जाम झालं, तर गाडीचा मागचा भाग फिरतो आणि गाडी गरकन वळते. पुढची चाकं आधी जाम झाली, तर स्टीअरिंग ऐकत नाही, पण गाडी निदान सरळ जाते. म्हणून पुढचा ब्रेक मागच्यापेक्षा किंचित आधी जाम व्हावा, असं गणित ठेवतात. त्यासाठी मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह असतो. कॅलिपर बदलला, तर मास्टर सिलिंडरचाही विचार करावा लागतो. कॅलिपरचा पिस्टन मोठा आणि सिलिंडर जुनाच राहिला, तर पेडल जास्त खाली जातं. सिलिंडर फार मोठा घेतला, तर पेडल दगडासारखं कडक होतं.

इंजिनिअरिंगची पोरं हे सगळं हाताने शिकतात. ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धेत मुलांनी बनवलेल्या कारची ब्रेक टेस्ट होते. चारही चाकं जाम झाली तरच गाडी ट्रॅकवर जाते. इंजिन कितीही भारी असलं तरी!

तुमच्या बाइकचं काय?

एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या बाइकला एबीएस सक्तीचं झालं. त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस हवं, म्हणजे एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागणारी सोय. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांवर हा तोल चालवणाऱ्यालाच सांभाळावा लागतो. तरी आपल्यातले कितीतरी जण फक्त पायाचाच ब्रेक मारतात. ‘पुढचा मारला की पडतो,’ हे कुणीतरी सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. झटक्याने किंवा वळणावर दाबला तर पडतो, हे खरं. पण सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबले, तर गाडी कमी अंतरात थांबते.

डिस्क बसवायच्या आधी टायर, लायनर आणि ब्रेक ऑइल बघा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मग ते कमी तापमानाला उकळतं. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत टिकतं, ओलावा धरल्यावर ही हमी 155 वर येते. उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि ब्रेक दाबूनही लागत नाही. मूळ रचनेत बदल करायचाच असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, त्यामुळे आधी आरटीओत विचारा. काम झाल्यावर पहिली चाचणी परभणी रोडच्या गर्दीत नको. मोकळ्या मैदानात, ताशी 20 च्या वेगाने घ्या. मागे मित्र बसवायचा, तो त्यानंतर.