‘रक्तातच आहे’ म्हणण्याआधी

“आईबाप दोघंही ठेंगणे, मग पोर कुठून उंच होणार?” अंगणवाडीत मोजमाप चालू असताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात. एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना भिडवायची. बाळ रडतं, वळवळतं, पुन्हा मोजावं लागतं. आकडा वयाच्या मानाने कमी भरला, की घरच्यांचं उत्तर तयार असतं: आमच्याकडे सगळे असेच.

सगळे असेच असतील, पण त्याचं कारण रक्तातच असेल असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या मुलांची वाढ मोजली. निवडली ती अंगावर पिणारी, नीट खायला मिळणारी, उपचारांची सोय असलेली मुलं. पहिल्या पाच वर्षांत त्यांची उंची जवळजवळ सारखीच वाढली. दिल्लीचं मूल नॉर्वेच्या मुलामागे पडलं नाही.

याचा जवळचा पुरावा आपल्याच शहरातून सुरू झालेल्या कामात आहे. २००५ साली तेव्हाच्या औरंगाबादेतून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचं काम सुरू झालं. व्ही. रमणी त्याचे प्रमुख होते. पुढे त्याचा भर राहिला तो गर्भधारणेपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर. राज्यात दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय एकट्या मिशनचं नाही. आयांचं शिक्षण, वाढलेली मिळकत, गरोदरपणातली तपासणी यांचाही त्यात वाटा आहे. पण सात वर्षांत कुणाची जनुकं बदलत नाहीत. काम मात्र अजून बाकी आहे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेलीच आढळली.

मग ‘उंची ८० टक्के आनुवंशिक’ असं शास्त्रज्ञ म्हणतात ते खोटं का? खोटं नाही, आपण ते चुकीचं वाचतो. तो आकडा एका मुलाच्या उंचीची वाटणी सांगत नाही. एका समूहातल्या माणसामाणसांतला फरक कशामुळे पडला, ते सांगतो. एकाच पोत्यातली ज्वारी अर्धी काळ्या रानात पेरा, अर्धी मुरमाड माळावर. काळ्या रानातल्या ताटांमधला फरक बियाण्याचा. दोन रानांमधला फरक मात्र मातीपाण्याचा, बियाणं तेच असूनही.

परिस्थिती जन्मानंतर सुरू होते, हाही गैरसमजच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता-बालकांचा अभ्यास करत आहेत. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं किडकिडीत, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. पुढच्या मधुमेहाची पायाभरणी आईच्या पोटातच होऊ लागते, हे त्यातून कळलं. ‘घराण्यात साखर आहे’ म्हणताना आजीच्या आणि आईच्या ताटात काय वाढलं जात होतं, हे कुणी विचारतं का?

सगळ्यांत घातक समजूत बुद्धीबद्दलची आहे. अमुक जातीत बुद्धी, तमुक जातीत नाही, असं शतकानुशतकं सांगितलं गेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद. ज्यांच्या घरात आधी कुणी पाटीला हात लावला नव्हता, अशी मराठवाड्यातली मुलं नागसेनवन या महाविद्यालयाच्या परिसरात राहून शिकली. त्यांतून प्राध्यापक, लेखक, अधिकारी झाले. मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने या पिढीला लिहितं केलं. आईबाप तेच होते. नवं काय होतं, तर वसतिगृह, ग्रंथालय आणि शिकवायची तळमळ असलेले शिक्षक.

पण उलटं टोकही धरू नये. काही आजार खरोखर आनुवंशिकच असतात आणि तिथे आईच्या खाण्यापिण्याला किंवा ग्रहण न पाळण्याला दोष देणं हा अन्याय आहे. थॅलेसेमियाचंच घ्या. नवराबायको दोघंही वाहक असतील, तर दर गरोदरपणात बाळाला ‘मेजर’ हा गंभीर प्रकार होण्याची शक्यता चारात एक. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन ठीक’ असा हिशेब नसतो. दर वेळी शक्यता तेवढीच. वाहक स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. ही तपासणी लग्नाआधी, नाहीतर गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत दोघांचीही करून घ्यावी, नुसती बाईची नाही.