गादी मिळाली, घर गेलं

गादी म्हटली की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे येते ती कापसाची गादी. पावसाळ्याआधी कडक उन्हात टाकायची आणि दोन-चार वर्षांनी पिंजून घ्यायची. पण इतिहासात शिरलं की हाच साधा शब्द अंगावर काटा आणतो.

मे महिन्यात आमच्याकडे मिरजोळ्याला शाळकरी भाचा राहायला आला होता. फणसाचे गरे खाता खाता पुस्तकातून मान वर काढून त्याने विचारलं, "मामी, नीरोने खरंच स्वतःच्या आईला मारलं?" म्हटलं, "हो रे बाबा. आणि तसलीच गोष्ट ऐकायची असेल तर रोमला जायला नको. उद्या रत्नागिरीत थिबा राजवाड्यात जाऊ." मिरजोळे शहराला लागूनच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळची भाजी-भाकरी उरकून आम्ही निघालोसुद्धा.

आईने मिळवून दिलेली गादी

वाटेत त्याला आधी रोमची हकिकत सांगितली. रोमचं साम्राज्य एवढं मोठं, पण बादशहा गेल्यावर पुढे कोण, याचा पक्का कायदा तिथे कधी झालाच नाही. मग ज्याच्या पाठीशी सैन्य, त्याची गादी. आणि राजवाड्यातल्या बायकांना स्वतःला गादीवर बसता येत नसे, म्हणून त्या मुलाला किंवा जावयाला पुढे करीत.

ॲग्रिपिनाने तेच केलं. इ. स. ४९ मध्ये तिने क्लॉडिअस बादशहाशी लग्न केलं. तो तिचा सख्खा काका! पहिल्या लग्नाच्या मुलाला, म्हणजे नीरोला, तिने त्याच्याकडून दत्तक घ्यायला लावलं, आणि क्लॉडिअसची मुलगी ऑक्टेव्हिया त्यालाच बायको करून दिली. ५४ साली क्लॉडिअस वारला. अळंब्यांतून विष दिलं, असं त्या काळचे इतिहासकार लिहितात. पुढच्याच वर्षी क्लॉडिअसचा पोटचा मुलगा जेवताना कोसळून मेला. ५९ साली नीरोने आईलाच मारवलं. बिचारी ऑक्टेव्हिया! तिला आधी एका बेटावर धाडलं आणि ६२ साली तिचाही जीव घेतला. ६८ साली नीरोला आत्महत्या करावी लागली, आणि ६९ या एकाच वर्षात रोमने चार बादशहा पाहिले. पुढे १९३ साली तर पहारेकऱ्यांनी गादीचा चक्क लिलाव केला.

भाचा म्हणाला, "पण मामी, ते फार जुनं झालं!" तोवर आम्ही राजवाड्याच्या फाटकाशी आलो होतो.

मंडालेचा वारस कोण?

जांभ्या दगडाचा हा ऐसपैस वाडा, त्याच्या रंगीत काचांच्या खिडक्या, आणि टेकडीच्या कडेवरून दिसणारी भाट्याची खाडी तुमच्यापैकी कित्येकींनी सहलीत पाहिली असेल. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजासाठी इंग्रजांनी तो बांधला, १९१० साली.

थिबाचे वडील मिंडोन राजे. मंडाले शहर त्यांनीच वसवलं. माणूस धर्मशील, पण राण्या अनेक आणि मुलं शंभराच्या वर. धाकट्या भावाला त्यांनी युवराज नेमलं होतं. १८६६ मध्ये राजाच्याच दोन मुलांनी बंड करून त्या काकाला ठार केलं. राजाने इतकी धास्ती घेतली, की पुन्हा वारस नेमलाच नाही. नाव घेतलं की त्या मुलाचा जीव जाईल, ही भीती. भीती खोटी नव्हती, पण बारा वर्षं तो प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

१८७८ मध्ये राजा अंथरुणाला खिळला, तेव्हा कारभार हाती घेतला सिनब्युमाशिन या राणीने. तिला मुलगा नव्हता, होत्या तीन मुली. भेटीचं निमित्त करून राजपुत्रांना वाड्यात बोलावलं आणि कैद केलं. निवड केली ती थिबाची. तो एका कमी मानाच्या राणीचा मुलगा, धर्मग्रंथांत रमणारा, जेमतेम एकोणीस वर्षांचा. त्याला आपली मुलगी सुपायलात दिली की राज्य आपलंच, हा राणीचा हिशेब. राजा मवाळ असला तर सत्ता आपल्याकडे राहील, हा मंत्र्यांचा हिशेब. दोघांचेही हिशेब चुकले.

फेब्रुवारी १८७९ मध्ये कैदेतल्या राजपुत्रांची, त्यांच्या आयाबहिणींची आणि मुलाबाळांची कत्तल झाली. सुमारे ऐंशी माणसं गेली. राजरक्त जमिनीवर सांडू नये म्हणून त्यांना मखमली पोत्यांत घालून मारलं, आणि किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून वाजंत्री लावली होती, असं सांगतात. हुकूम नक्की कोणाचा, राजाचा, राणीचा, सासूचा की मंत्र्यांचा, यावर वाद आहे. लोकांनी मात्र निकाल देऊन टाकला: "सगळं त्या सुपायलातने केलं!"

रत्नागिरीतली तीस वर्षं

एवढं करून गादी टिकली किती? सात वर्षं! सागवानाचा व्यापार करणाऱ्या मुंबईच्या एका इंग्रज कंपनीला थिबाच्या दरबाराने दंड ठोठावला, ते निमित्त इंग्रजांना पुरलं. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडलं, आणि १ जानेवारी १८८६ ला सारा ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडला गेला. ऐंशी आप्त मारले होते ते गादीवर दुसरा हक्कदार उरू नये म्हणून. गादी नेली ती साता समुद्रापलीकडच्यांनी.

थिबा, सुपायलात, तिची धाकटी बहीण आणि लहान मुली मद्रासमार्गे एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आल्या. चौथी मुलगी इथेच झाली. नशिबाचा खेळ बघा: रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना इंग्रजांनी १९०८ साली मंडालेला नेऊन कोंडलं, तेव्हा मंडालेचा राजा रत्नागिरीत कोंडलेला होता!

तनखा पुरेना तसे दागिने विकले गेले. मुली मोठ्या झाल्या, पण लग्नं जमेनात. राजाला हवा होता राजघराण्यातला वर. मला तर वाटतं, तसले वर त्याच्याच राज्यात, त्या मखमली पोत्यांत संपले होते.

थोरल्या राजकन्येचा जीव वाड्यावरच्या एका मराठी नोकरावर जडला. तो आधीच संसारी होता. त्यांना १९०६ साली मुलगी झाली, टुटू. १९१६ मध्ये थिबा इथेच वारला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. १९१९ मध्ये राणी मुलींना घेऊन रंगूनला परतली आणि १९२५ साली तिथेच गेली. थोरली मात्र लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ पर्यंत इथेच गरिबीत राहिली. टुटू मराठी बोलत मोठी झाली, इथल्याच घरात संसाराला लागली. कागदाची फुलं करून, शेणी थापून तिने मुलंबाळं वाढवली. २००० साली ती गेली. ब्रह्मदेशच्या राजाची नात रत्नागिरीच्या लोकांनी पाहिली ती अशी, चारचौघींसारखी कष्टणारी.

दोष कोणाचा?

परत येताना भाचा गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे बायकांमुळेच राज्यं बुडाली ना?"

हेच आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. पुण्यात १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तर अजून तोंडी येतं आनंदीबाईचं नाव आणि 'ध चा मा'. पुतण्याच्या गादीवर डोळा ठेवणारे राघोबादादा राहतात बाजूला! ॲग्रिपिना किंवा सिनब्युमाशिन काही साध्वी नव्हत्या, ते मी म्हणणार नाही. पण वारस कोण हे ज्यांनी वेळेवर ठरवायचं, त्या कर्त्या पुरुषांनी ते टाळलं. सरळ दार बंद असलं, की माणसं मागच्या दाराने शिरतात.

आपल्या घरात राज्य नसतं. असते एखादी कलमांची बाग, गावचं घर, दोन तोळे सोनं. "आमच्या मागे बघा तुमचं तुम्ही," असं म्हणून वडीलधारी माणसं विषय टाळतात, आणि तेराव्याचं जेवण व्हायच्या आत भाऊ भावाशी बोलेनासा होतो. मग "सुनेने घर फोडलं" हे ठरलेलंच. म्हणून सांगते, सासू-सासरे हिंडते-फिरते आहेत, घरात हसणं-बोलणं आहे, तेव्हाच सगळ्यांना, अगदी लेकींनासुद्धा, समोर बसवून काय ते ठरवा आणि कागदावर आणा. त्यात अभद्र काही नाही.

त्या वाड्याच्या रंगीत काचांतून ऊन आत येतं, तेव्हा फरशी अजून सुंदर दिसते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र येत राहते शेणी थापणारी ती नात. आजी-आजोबांच्या गादीचं देणं शेवटी तिनेच फेडलं.